नऊजणांतले तिघे

कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉप या लहान गावी ऑक्सिडेंटल कंपनीचा शेतीची औषधे बनवणारा कारखाना होता. त्यातल्या एका विभागातल्या कामगारांच्या मनात एक शंका बरीच वर्षे घोळत होती. ज्यांना मुले होती, त्यांची बहुतेक मुले इथे कामाला लागण्याआधीची होती. कामाला लागल्यावर फारसा कुणाच्या घरी पाळणा हलला नव्हता. ही गोष्ट आपसात दबक्या आवाजात बोलली जाई आणि तिथेच विरून जाई. १९७७ साली जोश हॅनिग आणि डेव्हिड डेव्हिस हे दोघे कामाच्या जागी होणाऱ्या आजारांवर माहितीपट करत होते. कामगारांचे बोलणे त्यांच्या कानावर आले आणि त्यांनी काहीजणांची वीर्यतपासणी करवून घेतली. निकाल इतके वाईट होते की प्रकरण डॉ. डोनाल्ड व्हॉर्टन यांच्याकडे गेले.

व्हॉर्टन यांनी विभागातल्या पुरुषांना तपासले. नसबंदी न झालेले २५ जण होते. त्यांपैकी १४ जणांच्या वीर्यात शुक्राणू एक तर मुळीच नव्हते किंवा फार थोडे होते. जितका काळ विभागात, तितके नुकसान अधिक. विभागात हाताळल्या जाणाऱ्या रसायनाचे नाव डायब्रोमोक्लोरोप्रोपेन, सगळे त्याला डीबीसीपी म्हणत. जमिनीतल्या सूत्रकृमींवर ते रामबाण होते. आपल्याकडच्या डाळिंबाच्या किंवा केळीच्या बागाईतदाराला सूत्रकृमी म्हणजे काय ते सांगायला नको. मुळांवर गाठी येतात, झाड पिवळे पडते आणि वर फवारून काही उपयोग होत नाही. अशा वेळी मातीत सोडलेले एक औषध काम करते म्हटल्यावर त्याचा खप होणारच. पन्नाशीच्या दशकापासून डाऊ कंपनी ते ‘फ्युमाझोन’ आणि शेल कंपनी ‘नेमागॉन’ या नावाने विकत होती.

या साऱ्यात मला सर्वांत अस्वस्थ करते ती एक साधी शारीरिक गोष्ट. वृषणात दोन कामे शेजारी शेजारी चालतात. बारीक नळ्यांमध्ये शुक्राणू तयार होतात, एका फेरीला साधारण अडीच महिने लागतात. नळ्यांच्या मधल्या जागेतल्या पेशी टेस्टोस्टेरॉन बनवतात. डीबीसीपी नळ्यांतल्या बीजपेशी मारते, मधल्या पेशींना फारसा धक्का लावत नाही. म्हणून लॅथ्रॉपच्या कामगारांचे टेस्टोस्टेरॉन ठीक होते. दाढी, आवाज, ताकद, कामेच्छा, सगळे पूर्वीसारखे. रक्तात वाढला होता तो मेंदूतल्या ग्रंथीतून येणारा, वृषणांना ‘काम करा’ असे सांगणारा संप्रेरक. तो जोरजोरात हाका मारत होता आणि नळ्यांतून उत्तर येत नव्हते. माणसाला मात्र काहीही जाणवत नाही. दुखत नाही, खुपत नाही, आरशात दिसत नाही. मूल हवे असेल आणि ते होत नसेल, तेव्हाच कळते, आणि तेव्हाही पुरुषाची तपासणी झाली तर.

आपल्याकडे ती किती उशिरा होते हे वेगळे सांगायला हवे का? ‘वांझ’ हा शब्द आपण बाईसाठी राखून ठेवला आहे. कूस उजवत नाही ती तिची, उपासतापास तिचे, डॉक्टरच्या पायऱ्या चढायच्या त्या तिने, आणि सवत आली तर तीही तिच्याच उरावर. पुरुषाच्या वीर्यात काही कमी असेल हे बोलणे म्हणजे त्याच्या मर्दानगीवर बोट ठेवणे, असा समज. या गप्प बसण्याने कित्येक बायकांची आयुष्ये करपली. त्याच गप्प बसण्याने विषालाही लपायला जागा दिली, हे लॅथ्रॉपची हकिकत वाचताना माझ्या लक्षात आले. कामगारांचे बोलणे बाहेर आले नसते, तर ते विष आणखी किती वर्षे असेच चालत राहिले असते.

खरे तर ते कुणालाच माहीत नव्हते असेही नाही. १९६१ साली डाऊचे शास्त्रज्ञ आणि शेलसाठी काम करणारे चार्ल्स हाइन यांनी उंदरांवरचे निष्कर्ष एका शास्त्रीय नियतकालिकात छापले होते. हवेत दशलक्षात पाच भाग इतक्या, म्हणजे त्यांनी वापरलेल्या सर्वांत कमी प्रमाणातही, उंदरांचे वृषण आकसले होते. छापील, सही-शिक्क्याची माहिती. मग सोळा वर्षे ती पिशव्या भरणाऱ्या, पिंप हलवणाऱ्या माणसांपर्यंत का पोहोचली नाही, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला कुठे सापडलेले नाही.

१९७७च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने हवेतल्या डीबीसीपीवर तातडीची मर्यादा घातली. तेव्हा पीच बागाईतदारांच्या राष्ट्रीय संघटनेने खात्याला पत्र लिहून सुचवले की ज्यांना आता मुले नको आहेत अशा वयस्क माणसांना हे काम द्यावे. कुणाला नसबंदीच्या शस्त्रक्रियेऐवजी हा मार्ग हवा असेल तर त्यांनीही यावे, अशा अर्थाचा मजकूर त्यात होता. माणसाच्या शरीराचा इतका उथळ हिशेब मी दुसरीकडे क्वचितच वाचला आहे. १९७९ साली अमेरिकेत डीबीसीपीचा वापर थांबला. हवाईच्या अननसांना सूट मिळाली, तीही १९८५ साली संपली.

परंतु केळी मध्य अमेरिकेत पिकत होती. लॅथ्रॉप उघडकीला आल्यावर डाऊ माल थांबवू पाहत होती, तेव्हा स्टँडर्ड फ्रूट या केळी कंपनीने तिला करार दाखवला. नुकसानीची जबाबदारी आपण घेऊ अशी हमी मिळाल्यावर माल पुन्हा निघाला. कोस्टा रिकाच्या बागांत काम करणाऱ्यांना कॅलिफोर्नियात काय घडले ते कुणी सांगितले नव्हते. त्यांना मुले होईनात, आणि संशय तिथेही आधी बायकांवरच गेला. पुढे खटले झाले. टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली परदेशी कामगारांना तिथे दाद मागण्याचा हक्क मान्य केला. १९९७ साली कंपन्यांनी सुमारे २६ हजार कामगारांसाठी ४ कोटी १५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. भागाकार केला तर माणशी सोळाशे डॉलरही भरत नाहीत, आणि त्यातून वकिलांचा वाटा जायचा तो वेगळाच.

आपल्या देशातले उदाहरण केरळच्या कासरगोड जिल्ह्यातले. तिथे काजूच्या सरकारी बागांवर वीस वर्षांहून अधिक काळ हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारले गेले. खाली विहिरी, ओढे, शाळा. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथल्या पद्रे गावातल्या ११७ मुलग्यांची तुलना फवारणी न झालेल्या भागातल्या ९० मुलग्यांशी केली. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. पद्रेच्या मुलांचे वयात येणे लांबले होते आणि संप्रेरकांचे गणित बिघडलेले दिसत होते. उत्पादकांनी अभ्यासावर आक्षेप घेतले. सर्वोच्च न्यायालयाची बंदी १३ मे २०११ रोजी आली. लॅथ्रॉपची माणसे कर्ती, कमावती होती. पद्रेची मुले दहा ते एकोणीस वर्षांची होती आणि आपल्या शरीरात काय चालले आहे हे त्यांनी कुणाला आणि कसे विचारायचे होते?

मधल्या काळात शुक्राणूंचा प्रश्न कारखान्याबाहेर पडून साऱ्या जगाचा झाला. १९९२ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी ६१ अभ्यास एकत्र करून मांडले की १९४० साली दर मिलिलिटरला ११ कोटी ३० लाख असलेले शुक्राणू १९९० पर्यंत ६ कोटी ६० लाखांवर आले. २०१७ साली हगाई लेव्हिन आणि शॅना स्वान यांच्या गटाने १८५ अभ्यासांतून पाश्चात्त्य देशांत १९७३ ते २०११ दरम्यान निम्म्याहून अधिक घट दाखवली. प्लॅस्टिक मऊ करणारी थॅलेट्स, कीटकनाशके, शिसे, डायॉक्सिन अशी बरीच नावे संशयितांच्या यादीत आली. हे आकडे पाहून घाबरून जावे असे मला वाटत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू मोजण्याची रीत प्रयोगशाळेगणिक बदलते, नमुने देणारी माणसे निराळी असतात, आणि लठ्ठपणा, तंबाखू, उष्णता यांचा वाटा वेगळा काढणे अवघड आहे. खुद्द डेन्मार्कमध्ये सैन्यभरतीच्या वेळी तपासलेल्या तरुणांत १९९६ नंतर तशी उतरंड दिसली नाही, मात्र त्यांचे आकडे मुळातच कमी होते. जगाच्या आलेखावर वाद चालू राहील. लॅथ्रॉपबद्दल मात्र वाद नाही. तिथे रसायन एक होते, भिंती चार होत्या आणि माणसे मोजता येत होती.

अशीच मोजता येणारी माणसे इस्राएलच्या डीबीसीपी कारखान्यातही होती. तिथल्या डॉक्टरांनी त्यांचा पाठपुरावा सतरा वर्षे केला. ज्यांच्या वीर्यात एकही शुक्राणू उरला नव्हता असे नऊजण होते. त्यांपैकी तिघांमध्ये, काम सुटल्यावर तीन ते पावणेचार वर्षांत, शुक्राणू पुन्हा दिसू लागले. उरलेल्या सहाजणांना डॉक्टर तपासत राहिले. त्यांच्यात काहीच बदल झाला नाही.