छत्री उलटली तरी झुळूकच?

जुलैत कांजूरमार्ग स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की छत्री फटकन उलटते आणि आपण म्हणतो, "काय सोसाट्याचा वारा सुटलाय!" आता गंमत ऐका. छत्री सांभाळता येईना, तारा सूं-सूं करायला लागल्या, की इंग्रजीत त्या वाऱ्याला म्हणतात 'स्ट्राँग ब्रीझ'. म्हणजे झुळूकच, फक्त जरा दांडगी!

ही करामत आहे ब्रिटिश आरमारातल्या फ्रान्सिस ब्यूफोर्ट यांची. जहाजावर किती शिडं उभारता येतात, हे बघून त्यांनी 1805 साली वाऱ्याला नंबर दिले. दर्यावर्दी माणूस तो, शिडात भरणारा वारा त्याला हवाच असणार. पुढे 1906 च्या सुमारास जॉर्ज सिम्पसन यांनी तेच नंबर जमिनीवरच्या खुणांना जोडले. हे सिम्पसन आपल्या हवामान खात्यातही होते बरं का, शिमल्याला.

शून्य नंबरला धूर सरळ वर जातो. दोन नंबरला, म्हणजे ताशी 6 ते 11 किलोमीटरला, वारा गालाला लागतो आणि पानं सळसळतात. (पिंपळाला विचारू नका, तो उगीचच सळसळतो. आंब्याकडे बघा.) चार नंबरला लालबहादूर शास्त्री मार्गावरची धूळ नि कागद उडतात. छत्रीवाला नंबर सहा, 39 ते 49 किलोमीटर. दोनपासून सहापर्यंत सगळ्या ब्रीझच! आठ नंबरला मात्र 'गेल' येतो, 62 किलोमीटरपासून पुढे, आणि झाडांच्या डहाळ्या मोडतात. आपलं हवामान खातंही चक्रीवादळ म्हणायला याच 62 पासून सुरुवात करतं.

कांजूरचा रोजचा वारा मात्र दोन-चार नंबरांतच रमतो. दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा पश्चिमेकडून, पवईच्या टेकड्यांवरून, आत घुसते. हे खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलटा फिरतो, तो मतलई वारा. पुस्तकात तो जमिनीवरून समुद्राकडे जातो. कांजूरच्या पूर्वेला मात्र ठाण्याची खाडी, त्यामुळे इथे तो मिठागरं नि खारफुटी ओलांडून येतो. डंपिंग ग्राउंडही त्याच बाजूला. म्हणून हिवाळ्यात पहाटे वारा कुठून येतोय हे डोळे मिटूनही कळतं, नाक सांगतं!

आता 'गस्ट' राहिला. फलाटावर उभं असताना शेजारच्या रुळांवरून फास्ट लोकल धडधडत गेली की अंगावर हवेचा भपकारा येतो आणि लगेच विरतो. वाऱ्यातही असे काही सेकंदांचे झोत असतात, तेच गस्ट. नंबर देताना ते धरत नाहीत, काही मिनिटांची सरासरी घेतात. 17 मे 2021 ला तौक्ते वादळात कुलाब्याला ताशी 114 किलोमीटर नोंदले गेले, पण तो झोत होता. त्यावरून वाऱ्याला अकरा नंबर देऊन टाकलात, तर ब्यूफोर्टसाहेब पेपरात शून्य देतील.