तेल गळते कोठून?

जुन्या ट्रॅक्टरखाली तेलाचा डाग दिसला, तर गळती त्याच्या बरोबर वर असेल असे तुम्हाला वाटेल. पण तेल इतके सरळ वागत नाही!

तांब्यातून पाणी अगदी हळू ओतून पाहा. ते काठावरून सरळ न पडता तांब्याच्या पोटाला चिकटून वाहते व बुडाशी ठिबकते. द्रव आणि घन पदार्थ यांच्या रेणूंमधील आकर्षणाचा, म्हणजे आसंजनाचा, हा परिणाम. तेलही असेच चिकटून प्रवास करते. त्यात इंजिनाच्या पंख्याचा वारा त्याला मागे ढकलतो. म्हणून डागाकडे न पाहता सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा शोधावी.

इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात तयार झालेला फर्ग्युसन टीई-२० ट्रॅक्टर घ्या. जुन्या यंत्रांचे शौकीन आजही तो जपतात. त्याच्या क्लचच्या कोठीला तळाशी एक भोक असते. तेथून तेल ठिबकू लागले, तर दोषी कोण? पुढचे इंजिन की मागची गिअरपेटी? थेंब पांढऱ्या कागदावर घ्या. वापरलेले इंजिन-तेल ज्वलनाच्या काजळीने काळे होते. गिअरपेटीत ज्वलन नसल्याने तेथील तेल तसे काळवंडत नाही.

तेल काळे निघाले. मग इंजिनाचे मागचे सील बदलायचे का? थांबा! या ट्रॅक्टरला वेगळी चौकट नाही. इंजिन व गिअरपेटी एकमेकांना जोडूनच त्याचा कणा बनतो. सील बदलायचे तर ट्रॅक्टर मधोमध दुभंगावा लागतो. निदान चुकले, तर एवढा खटाटोप फुकट!

म्हणून आधी ब्रीदर तपासतात. ज्वलनातील थोडा वायू पिस्टनच्या कड्यांजवळून खाली उतरतो व या वाटेने बाहेर पडतो. वाट बुजली, की आतला दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलले जाते.

नंतर बंद, गार इंजिन रॉकेलने स्वच्छ करून कोरडे पुसतात, सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरवतात आणि इंजिन चालवून तापवतात. तापलेल्या तेलाची श्यानता कमी होते, म्हणून ते बारीक फटीतूनही पाझरते. इंजिन बंद केल्यावर पावडरीवर उमटलेली ओली रेघ जेथून सुरू होते, तेथेच गळती! मात्र चालू यंत्राखाली कधीही वाकू नका.

आता सांगा, पावसाळ्यात कौलारू घरात पाणी जेथे ठिबकते, बरोबर त्याच्या वरचेच कौल फुटलेले असते का?