कारखान्यातील मंडल खंडक : रचना व कार्य

विद्युत् मंडल जोडणे हे साध्या स्विचलाही साधते; मंडल खंडकाची खरी कसोटी ते तोडण्यात आहे. १,००० केव्हीए क्षमतेच्या व ५ टक्के संरोधाच्या रोहित्राचा ४१५ व्होल्ट बाजूवरील पूर्णभार प्रवाह सुमारे १,३९० अँपिअर असतो. त्याच्या अग्रांपाशीच शॉर्ट सर्किट झाल्यास तो वीसपट, म्हणजे सुमारे २८,००० अँपिअर होतो; आणि वाहकांवरील बल प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ते चारशेपट वाढते. हा प्रवाह खंडकाला सुरक्षितपणे तोडावयाचा असतो.

स्पर्शक विलग होताच त्यांच्यामध्ये प्रज्योत निर्माण होते. तिच्या दाहापासून रुप्याच्या मिश्रधातूचे मुख्य स्पर्शक वाचावेत म्हणून ते प्रथम विलग होतात, आणि टंगस्टनयुक्त प्रज्योत-स्पर्शक त्यानंतर. जोडताना हाच क्रम उलटतो. चुंबकीय बल व तप्त वायूंचा प्रवाह प्रज्योतीला वरच्या कोष्ठात ढकलतात. तेथील परस्परांपासून विलग ठेवलेल्या पोलादी पट्ट्या तिचे अनेक लहान प्रज्योतींत विभाजन करतात. प्रत्यावर्ती प्रवाह शून्यावर येताच प्रत्येक नव्या ऋणाग्रापाशी विद्युत्‌रोधन तत्काळ प्रस्थापित होते व प्रज्योत पुन्हा पेटत नाही. हे तत्त्व वेस्टिंगहाउसमधील संशोधक जोसेफ स्लेपियन यांनी १९२० नंतरच्या दशकात विकसित केले.

तोडण्याची ऊर्जा आगाऊ साठविलेली असते. हाताने वा मोटरने ताणलेली स्प्रिंग मुक्त होऊन स्पर्शक जोडते, आणि त्याच वेळी तोडणाऱ्या स्प्रिंगाही ताणल्या जातात. नंतर केवळ एक खिटी सुटण्याचा अवकाश असतो. खिटी सोडविणाऱ्या आधुनिक इलेक्ट्रॉनीय रिलेला खंडकातीलच प्रवाह-रोहित्रांकडून शक्ती मिळते. दोषाचा प्रवाहच स्वतःला तोडण्याची आज्ञा देतो. दोष कायम असता कोणी खंडक जोडण्याचा प्रयत्न केला, तरी तोडण्याची क्रियाच वरचढ ठरते.

तथापि मुख्य खंडकाने प्रत्येक दोषावर तत्क्षणी तुटणे इष्ट नव्हे. एका शाखेतील दोषाने सारा कारखाना अंधारात जाऊ नये, म्हणून शाखेचा खंडक प्रथम तुटतो आणि मुख्य खंडक सेकंदाचे काही दशांश थांबतो. तेवढा काळ स्पर्शकांना परस्परांपासून दूर लोटणारे बल व उष्णता सोसण्याची त्याची क्षमता असावी लागते. ती बहुधा १ सेकंदासाठी निर्दिष्ट केलेली असते.

या विलंबाला किंमत आहे. दोष मुख्य फलकातच उद्भवल्यास प्रज्योत तितका वेळ जळत राहते आणि समोर काम करणारा मनुष्य संकटात सापडतो. म्हणून फलकाजवळ काम चालू असता विलंब तात्पुरता कमी करण्याची सोय अनेक आधुनिक रिलेंत असते. अखंड पुरवठा व मनुष्याची सुरक्षितता यांचा हा मेळ खंडक आपण होऊन घालीत नाही. विलंबाचे मूल्य ठरविणाऱ्या अभियंत्यावरच ती जबाबदारी येते.