वेबसाइटची किल्ली आपल्या कनवटीला

पुण्याहून सोलापूरकडं निघालं, की यवतच्या पुढं आमचं भांडगाव लागतं. उसाचा आणि गुऱ्हाळांचा हा मुलूख. इथं बसून वेबसाइट आणि सर्व्हरच्या गोष्टी कशाला, असं तुम्ही म्हणाल. मलाही या वाटेला जायचं नव्हतं. आईच्या ओव्यांनी नेलं.

माझी आई जात्यावर ओव्या म्हणायची. पहाटेची नमाज झाली, की जातं सुरू आणि ओवी सुरू. त्या ओव्या मी एका वहीत उतरवल्या आणि पुढं एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या. आई गेली. वही वाळवीनं खाल्ली. मग एका वेबसाइट करणाऱ्याला पैसे दिले आणि ओव्या इंटरनेटवर चढवल्या. तीन वर्षं त्या दिसल्या. एके दिवशी पान उघडेना. त्या गृहस्थाचा फोनही लागेना. तेव्हा कळलं, की वेबसाइटचं नाव त्याच्या नावावर, जागा त्याच्या नावावर, पासवर्ड त्याच्याजवळ. माझ्याकडं होती फक्त पैशाची पावती!

शेजारी डिप्लोमा करणारा एक मुलगा आहे. तो म्हणाला, "चाचा, आता दुसरा माणूस शोधू नका. थोडं स्वतः शिका, अडलं की मला विचारा." पन्नाशी उलटलेला बी.ए. झालेला माणूस मी. पण शिकलो. जे कळलं, ते तुम्हाला सांगतो.

वेबसाइट म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी असतात. पहिलं नाव, म्हणजे डोमेन. दुसरी जागा, म्हणजे होस्टिंग किंवा सर्व्हर. तिसरा मजकूर, म्हणजे आपल्या फाइली. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं, तर डोमेन हा सातबारा. तो आपल्याच नावावर हवा. फरक इतकाच, की मुदत संपण्याआधी पैसे भरून त्याचं नूतनीकरण करावं लागतं. जागा खंडानं घेतलेल्या रानासारखी, आज इथं, उद्या दुसरीकडं. आणि फाइली म्हणजे बियाणं. ते घरात राखून ठेवलेलंच असावं.

हा सर्व्हर तरी काय असतो? आपल्यासारखाच एक संगणक, फक्त तो कधी झोपत नाही. कुणी पान मागितलं, की काढून देतो. जगातला पहिला वेब सर्व्हर टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संस्थेत आपल्या टेबलावरच्या संगणकावर चालवला. हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नका, अशी चिठ्ठी त्यावर लाल शाईनं लिहून चिकटवली होती. आमच्याकडं वीज गेली, तर असली चिठ्ठी काय कामाची? म्हणून सर्व्हर घरी न ठेवता, जिथं वीज आणि इंटरनेट अखंड आहे, तिथं भाड्यानं घ्यायचा.

पण सुरुवात तिथून करायची नाही. मुलानं मला आधी एकच पान करायला लावलं. नोटपॅड उघडलं, एचटीएमएलच्या खुणा घालून एक ओवी लिहिली, फाइलला 'इंडेक्स' नाव दिलं आणि ती ब्राउझरमध्ये उघडली. मग घरच्याच संगणकावर छोटा सर्व्हर चालवला. त्याला 'लोकलहोस्ट' म्हणतात. चुकलं, तरी बाहेर कुणाला दिसत नाही. साध्या पानांना तयार होस्टिंग पुरतं, स्वतंत्र सर्व्हर लागत नाही. तो घ्यायचाच, तर त्यावर लिनक्स आणि अपाची किंवा एनजिनएक्स घालता येतं. ही सगळी फुकट मिळतात. बाहेरची दारं मोजकीच उघडी ठेवायची: पानांसाठी ८० आणि ४४३ क्रमांकाची आणि आपल्याला आत जायला २२ क्रमांकाचं. आत जाण्यासाठी किल्लीची जोडी करतात. एक भाग सर्व्हरवर, दुसरा आपल्या संगणकात. हा दुसरा भाग कुणालाही द्यायचा नाही, मदत करणाऱ्यालासुद्धा नाही.

आता ओव्यांचं ऐका. डीटीपीवाल्याच्या जुन्या सीडीवर फाइल सापडली, पण उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. जुन्या फॉन्टमध्ये संगणक साठवायचा इंग्रजी अक्षर, आणि फॉन्ट त्यावर मराठीचं चित्र रंगवायचा. फॉन्ट गेला, की मराठी गेली. युनिकोडनं प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला कायमचा क्रमांक दिला. १९९१च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी असे पाच क्रमांक येतात. यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकाला तीन, म्हणजे एकूण १५ बाइट लागतात. पान यूटीएफ-८मध्ये आहे, हे पानाच्या माथ्यावर लिहायला विसरू नका. जुन्या फॉन्टचं नाव कळलं आणि रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमनं ओव्या परत आल्या. जोडाक्षरं आणि रफार मात्र बरेच बिघडले होते. ते मी एकेक वाचून, आईचा आवाज आठवत दुरुस्त केले.

मदत मागण्याचीही रीत असते. मी आधी म्हणायचो, "चालत नाही रे." मुलगा विचारायचा, "चाचा, पडद्यावर काय लिहिलंय?" ४०४ आलं, तर त्या पत्त्यावर पान नाही. ४०३ आलं, तर पाहण्याची परवानगी नाही. ५०० आलं, तर सर्व्हरच्या आत काही बिघडलंय आणि लॉग नावाची त्याची नोंदवही पाहायची. काय करायला गेलो, काय केलं, अक्षरशः काय संदेश आला, एवढं नीट लिहिलं, की निम्मं उत्तर आपल्यालाच सापडतं.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. बर्नार्ड बेल यांनी त्या संगणकात नीट लावल्या, आणि २०१७ पासून 'पारी' या संस्थळावर त्या येऊ लागल्या. जपणारे बदलले, पण मजकूर नीट ठेवलेला होता, म्हणून तो पुढच्या हातात गेला.

माझं काम त्यामानानं मूठभर पिठाएवढं. डोमेन आता माझ्या नावावर आहे, नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली आहे. ओव्यांची एक प्रत पेन ड्राइव्हमध्ये, एक बहिणीच्या घरी, आणि एक, होय, कागदावर. या वेळी वाळवीपासून लांब!

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)