वनस्पतींची कुळे आणि त्यांतील खनिजद्रव्ये

एकाच शेतात, एकाच खतावर वाढलेली ज्वारी व चवळी दिसावयास जशी वेगळी, तशीच त्यांच्यातील खनिजद्रव्येही वेगळी असतात. वनस्पती वाळवून जाळली की राख उरते. ही राख म्हणजे मुख्यतः मुळांनी जमिनीतून घेतलेली खनिजे होत. तिचे पृथक्करण केले असता असे आढळते की, खनिजांचे प्रमाण जमिनीप्रमाणेच वनस्पतीच्या कुळावरही अवलंबून असते.

तृणकुळ

भात, गहू, ज्वारी, ऊस ही तृणकुळातील पिके होत. त्यांत सिलिका पुष्कळ व कॅल्शियम कमी असते. भाताच्या पेंढ्यात सिलिकेचे प्रमाण वजनाच्या सुमारे १० टक्क्यांपर्यंत जाते. सिलिकेमुळे पीक ताठ उभे राहते व करप्यास अधिक प्रतिकार करते. ती मुळांत घेण्यास कारणीभूत असलेले भातातील जनुक जपानी शास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केले. कॅल्शियमची गरज मात्र या कुळास थोडी असते. कारण कॅल्शियम धरून ठेवणारे पेक्टिन त्याच्या पेशीभित्तिकेत कमी असते.

शिंबाकुळ

चवळी, हरभरा, लसूणघास, भुईमूग यांच्या पाल्यात कॅल्शियम बरेच अधिक असते. भुईमुगाच्या शेंगा तर ते भोवतालच्या मातीतून परस्पर शोषून घेतात. मातीत ते अपुरे असल्यास शेंगा पोचट राहतात. म्हणून अशा जमिनीत फुलोऱ्याच्या सुमारास जिप्सम देतात.

इतर कुळे

मोहरी, कोबी, मुळा यांचे कुळ गंधक अधिक घेते; त्यांचा उग्र वास गंधकयुक्त द्रव्यांचाच होय. पालक, माठ व राजगिरा यांच्या कुळात मॅग्नेशियम विपुल असते. परंतु पालकातील ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवते, त्यामुळे त्यातील अल्पसा भागच शरीरास मिळतो.

कुळाचा नियम सरसकट नाही. नाचणी तृणकुळातील असूनही तिच्या १०० ग्रॅम दाण्यांत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आसपासच भरते.

व्यवहारातील उपयोग

केवळ पेंढ्यावर वा कडब्यावर पोसलेल्या दुभत्या जनावरास कॅल्शियमची उणीव भासते व ती भरून काढण्यासाठी हाडांतील साठा खर्ची पडतो. त्याच्या वैरणीत लसूणघास किंवा चवळीचा पाला मिसळणे हिताचे ठरते. शाळेतील मुलांच्या आहारालाही हेच तत्त्व लागू आहे. भाताबरोबर डाळ, पालेभाजी व नाचणी असेल, तर एका कुळाची उणीव दुसरे कूळ भरून काढते.