महाडचे तळे आणि पाल्याची पोढी

दरवर्षी २० मार्च आणि २५ डिसेंबर या दोन दिवशी महाड नगरी भीमसैनिकांनी फुलून जाते. मुंबई, पुणे, मराठवाडा, विदर्भ, कुठून कुठून लोक येतात. चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरतात, ओंजळभर पाणी हाती घेतात, बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन करतात, क्रांतिस्तंभापुढे नतमस्तक होतात, पुस्तकांच्या स्टॉलवरून दोन पुस्तके घेतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. ही निष्ठा थोर आहे, तिला तोड नाही. परंतु मी याच तालुक्यातला असल्यामुळे एक खंत बोलून दाखवतो. आपला माणूस महाडला येतो, पण महाड पाहत नाही. ज्या भूमीने हा लढा उभा केला, ती भूमी कशी आहे, तिच्यात आणखी काय दडले आहे, याची चौकशी आपण करीत नाही.

इतर पर्यटक महाडला येतात ते रायगडासाठी, पाचाडला जिजाऊंच्या समाधीसाठी, शिवथरघळीसाठी किंवा सव गावच्या गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी. त्यांच्या माहितीपुस्तिकांत चवदार तळ्याला दोन ओळी मिळतात. आपण तळे पाहतो आणि बाकीचे सोडून देतो. दोघांचेही महाड अर्धेच राहते.

मुंबईहून गोवा महामार्गाने येताना महाड शहर दोन-तीन किलोमीटरवर राहिले की रस्त्यालगतच्या डोंगरात काळ्या चौकटी दिसू लागतात. ही गांधारपाले येथील बौद्ध लेणी. गाडीच्या खिडकीतून हजारो लोक ती पाहतात, पण पायऱ्या चढून वर जाणारे थोडेच. लहानमोठी मिळून सुमारे तीस लेणी येथे आहेत. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत ती कोरली गेली. भिक्खूंच्या निवासाच्या खोल्या आहेत, स्तूप आहेत, मोठ्या विहारात बुद्धमूर्ती आहे. वर उभे राहिले की गांधारी आणि सावित्री या नद्यांचे खोरे व त्यात वसलेले महाड शहर एका नजरेत दिसते. सावित्रीच्या खाडीतून गलबते पूर्वी थेट महाडपर्यंत येत आणि येथून माल घाटावर जाई. व्यापारी मार्ग, बंदर आणि लेणी यांचे नाते महाराष्ट्रात जागोजागी दिसते, तेच येथेही आहे. सावित्रीपलीकडे कोल गावाजवळही लहान लेणी आहेत आणि तेथल्या लेखात संघरक्षित नावाच्या सेठीचे दान नोंदलेले आहे.

गांधारपाले येथे ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत कोरलेला एक लेख आहे. काणभोअ, म्हणजे कानभोज, विष्णुपालित नावाच्या कुमाराचे हे दान. त्याने काय दिले? लेणे दिले, चैत्यगृह दिले, आठ ओवऱ्या म्हणजे खोल्या दिल्या, लेण्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या पोढ्या दिल्या आणि लेण्याला लागून वाट दिली. पोढी म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे टाके. कोकणात पाऊस धो धो पडतो आणि उन्हाळ्यात डोंगर कोरडा पडतो. म्हणून पावसाचे पाणी कातळात साठवून ठेवायचे. लेणी खोदणाऱ्यांचे हे शास्त्र आजही पाहण्यासारखे आहे. दाता आपल्या दानाच्या यादीत खोल्यांच्या बरोबरीने पाणी लिहितो आणि त्याला 'देयधम्म' म्हणतो.

आता त्या डोंगरावरून खाली शहराकडे पाहा. जेथे पाणी देणे हा धम्म मानला गेला, त्या लेण्यांपासून अवघ्या दोन-तीन किलोमीटरवर, १९२७ साली, माणसाने पाणी प्याले म्हणून माणसांची डोकी फोडली गेली. तळ्यातले पाणी जनावराने प्याले तर चालत होते, अस्पृश्याने प्याले तर विटाळत होते. मधल्या शतकांत या भूमीवर काय घडले, धम्म कोठे गेला आणि त्याच्या जागी काय येऊन बसले, हा प्रश्न त्या पोढीपाशी उभे राहिल्यावर जितका बोचतो तितका कोणत्याही ग्रंथात बोचत नाही. म्हणून म्हणतो, महाडला याल तेव्हा लेणीही पाहा.

लढ्याचा इतिहास आपल्याला पाठ आहे, तरी त्यातले स्थानिक धागे सुटून जातात. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचे धोरण ठरले. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तसा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. तो जमिनीवर आणण्यासाठी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला भरली. (कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले ते १९८१ साली.) परिषद महाडलाच का? कारण येथे माती तयार होती. याच तालुक्यातल्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर. लष्करातून निवृत्त झालेल्या या माणसाने १८८८ साली विटाळाविरुद्ध पुस्तिका लिहिली आणि १८९५ साली महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. येथलेच, लाडवलीत जन्मलेले रामचंद्र बाबाजी मोरे परिषदेचे प्रमुख संघटक होते. पुढे ते कम्युनिस्ट पक्षात गेले, म्हणून त्यांचे हे काम विसरता येत नाही. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे हे सवर्ण कार्यकर्ते सोबत होते. डिसेंबरच्या परिषदेला सवर्ण हिंदूंकडून जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. ही नावे महाडच्या शाळेतल्या किती मुलांना ठाऊक आहेत? आपल्या तरी मुलांना ठाऊक आहेत का?

वीरेश्वर मंदिरात अस्पृश्य घुसणार, अशी अफवा २० मार्चला उठवून परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली, नंतर तळ्याची 'शुद्धी' झाली. नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला तो ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे होताना! डिसेंबरच्या सत्याग्रहासाठी बाबासाहेब मुंबईहून पद्मावती बोटीने निघाले आणि हरिहरेश्वरमार्गे दासगावला उतरून कार्यकर्त्यांसह पायी महाडला आले. महाडच्या अलीकडचे दासगाव आज महामार्गावर आहे. आपल्या गाड्या तेथे थांबत नाहीत. थांबल्या पाहिजेत.

वकील म्हणून मला सर्वांत मोलाचा वाटतो तो या लढ्याचा कोर्टातला भाग. सनातन्यांनी १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या कोर्टात दावा लावला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली, पण कोर्टाचा हुकूम मोडला नाही. तळ्याभोवती मिरवणूक काढली आणि कायद्याची लढाई कायद्याने लढली. वादींचे म्हणणे दोन प्रकारचे होते. एक, हे 'चौधरी तळे' असून खासगी आहे. दोन, अस्पृश्यांनी येथे यायचे नाही अशी अनादी काळापासून रूढी आहे. खासगी मालकीचा मुद्दा टिकला नाही. उरली रूढी. ८ जून १९३१ रोजी महाडच्या कोर्टाने दावा फेटाळला. १९३३ साली ठाण्याच्या जिल्हा न्यायालयाने अपील फेटाळले. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड व न्यायमूर्ती वाडिया यांनी निकाल दिला. 'नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर' या नावाने तो प्रसिद्ध आहे. (हेच ब्रूमफिल्ड १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे न्यायाधीश.) पहिल्या सत्याग्रहाला दहा वर्षे व्हायला तीन दिवस बाकी होते.

या निकालात काय तपासले गेले ते पाहा. तळे केवढे? चार ते पाच एकरांचे. भोवती काय? नगरपालिकेचे रस्ते. रस्त्यापलीकडे कोणाची घरे? सवर्ण हिंदूंची आणि थोडी मुसलमानांची. ताबा कोणाचा? नगरपालिकेचा. कायद्यात रूढी सिद्ध करायची तर ती अनादी आणि निश्चित असल्याचे दाखवावे लागते. अस्पृश्य पूर्वी तळ्यावर येत नव्हते, एवढ्यावरून त्यांना रोखण्याचा हक्क अनादी काळापासून होता असे ठरत नाही, असे न्यायालयाने मानले. हजारो वर्षांच्या रूढीचा डौल मिरवणारे लोक पुराव्याच्या कसोटीला उतरले नाहीत.

बंधू-भगिनींनो, यातला धडा आपल्या प्रत्येकाच्या गावासाठी आहे. स्थानिक इतिहास म्हणजे पुरावा. आपण तो गोळा केला नाही तर गाव जे सांगेल तेच खरे ठरते. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांचे नाव लोकांच्या तोंडी 'पांडवलेणी' झाले, कारण लेख वाचणारा कोणी उरला नव्हता. दगडावर दात्यांची नावे कोरलेली असताना हे झाले. मग आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी आठवणींचे काय होईल?

सावित्रीचा कोपही येथे सांगितला पाहिजे. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहर पाण्याखाली गेले. याच तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. अशा पुरात घरातले धान्य जाते, तसे ट्रंकेतले कागदही जातात. परिषदेची हँडबिले, वतनाचे कागद, शाळेचे दाखले, मुंबईच्या गिरणीतून आलेली पत्रे, जुने फोटो हे सगळे एका रात्रीत चिखल होते.

२० मार्च २०२७ हा चवदार तळे सत्याग्रहाचा शताब्दी दिन. त्या दिवशी मोठे सोहळे होतील, मंत्री येतील, भाषणे होतील. ते होऊ द्या. आपण आपल्या हातातले काम करू. महाडला येणाऱ्या प्रत्येक मंडळाने एक मुक्काम वाढवावा. पहिल्या दिवशी दासगाव आणि गांधारपाले, दुसऱ्या दिवशी तळे आणि क्रांतिस्तंभ. सोबत मुलांना आणावे आणि त्यांच्याकडून लेण्यातला शिलालेख शोधून घ्यावा. लेण्यात नावे खरडू नयेत, कचरा टाकू नये, कारण ती आपल्या पूर्वजांची वास्तू आहे.

आणि परत गेल्यावर आपल्या गावासाठी एक वही घालावी. आपल्या वस्तीची विहीर कधी खोदली, कोणी अडवली, कोणी खुली केली? गावातून महाडला, नाशिकला, १९५६ साली नागपूरला कोण कोण गेले? पहिला दाखला कोणाचा, पहिली शिकलेली मुलगी कोण? डोंगरात लेणे, टाके, पडका स्तूप आहे का? नाव, तारीख, सांगणाऱ्याचे वय, सगळे लिहावे, त्याची सही घ्यावी, कागदांच्या झेरॉक्स करून दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात. वकिलाची ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. ज्यांनी ते दिवस पाहिलेल्यांच्या तोंडून ऐकले, ती पिढीही आता ऐंशीच्या पुढे आहे. त्यांच्याकडे या रविवारीच जायला हवे.

जयभीम!