सातबारा उतरला, पण गेला कुठे?



आपले कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचे माहेर. वर्धा नदीच्या काठचे, तिवसा तालुक्यातले गाव. येथल्या शेतकऱ्याला पीककर्जासाठी सातबारा लागला, तर तो आता मोबाइलवरच उतरवून घेता येतो. सोय चांगली, पण नवख्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “गुरुजी, उतरला म्हणते, पन गेला कोठी?”

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. ‘डाउनलोड’ म्हणजे नक्कल आपल्याकडे आणणे. तलाठ्याकडून नक्कल घेतली म्हणून त्याचे दप्तर काही रिकामे होत नाही; तसेच हेही. ही नक्कल फोनमधल्या ‘डाउनलोड्स’ नावाच्या कप्प्यात जाऊन बसते. फोनवरचे ‘फाइल्स’ उघडले की हा कप्पा सापडतो. एवढे एक वाक्य बटनाखाली मराठीत छापले, तर एकच कागद पाच-पाचदा उतरवण्याची पाळी कोणावर येणार नाही.

पण खरा घोळ त्याच्याही आधी होतो. सातबारा दोन तऱ्हेचा मिळतो. महाभूलेखच्या साइटवर विभाग, जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक निवडत गेले की जो फुकट दिसतो, तो केवळ माहितीपुरता. (येथे विभागही अमरावती आणि जिल्हाही अमरावती! एकच नाव दोनदा का विचारतात, म्हणून माणूस थबकतो.) बँकेत आणि कचेरीत चालतो तो डिजिटल सहीचा. त्याला 15 रुपये पडतात, आणि त्यावर तलाठ्याचा शिक्का लागत नाही. फुकटचा छापून नेला, तर हेलपाटा ठरलेला. हा फरक साइटच्या पहिल्याच पानावर ठळक हवा : ‘हा पाहण्यासाठी, हा बँकेसाठी.’

आणखी एक गोष्ट, आणि ही पैशाशी गाठ घालणारी आहे. फाइलीच्या नावाचा शेवट पाहावा. ‘पीडीएफ’ असेल तर तो वाचायचा कागद. ‘एपीके’ असेल तर तो कागद नव्हेच, फोनमध्ये शिरून बसणारा प्रोग्राम आहे. पीएम किसानच्या नावाने अशा फाइली व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून लोकांना लुबाडल्याचे प्रकार घडले आहेत. सातबारा कधीही एपीकेमधून येत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनी गावकऱ्यांचा पहिला सराव सातबाऱ्यावर घेऊ नये. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात फुकट मिळतात. इयत्ता आणि माध्यम निवडले की झाले. चुकले तरी पैसा जात नाही. मात्र पुस्तकाची फाइल मोठी असते. रेंज कमी असेल तर बटन पुन:पुन्हा दाबू नये, पट्टी पूर्ण भरेपर्यंत थांबावे. मग आजोबांनाच सांगावे, नातवाचे पुस्तक ‘डाउनलोड्स’मधून शोधून काढा.